गाणे आपल्या मालकीचे, मोबाइलची घंटाही आपलीच!

प्रतिनिधी, नाशिक

एक काळ असा होता, की मेहेर सिग्नलकडून महात्मा गांधी रस्त्याला लागले की मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या दिसत. दहा-वीस रुपये हातावर ठेवले, की दुकानातला मुलगा मेमरी कार्ड आपल्या संगणकात खुपसून शे-दोनशे गाणी भरून देई आणि जाता जाता ‘रिंगटोन कोणती लावू?’ असेही विचारी. ती गाणी कोणाची, त्यांचे पैसे कोणाला मिळाले, हे ना गिऱ्हाईक विचारी ना दुकानदार सांगे. त्या पाट्या आता जवळपास दिसेनाशा झाल्या आहेत. गाणी ऐकली जातात ती मासिक वर्गणीच्या अॅपवर. कोट्यवधी गाणी खिशात असल्यासारखी वाटतात. परंतु त्यातले एकही आपले नसते. परिणाम मोठा चमत्कारिक झाला आहे. ठक्कर बाजार बस स्थानकात एक मोबाइल वाजला, की दहाजण आपापले खिसे चाचपतात. कारण दहाही मोबाइलांत कंपनीने दिलेला एकच सूर असतो.

वास्तविक आपल्याकडे असलेल्या गाण्याचा तुकडा कापून तो मोबाइलची घंटा म्हणून लावणे हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. मात्र गाणे कुठले घ्यावे, कुठे कापावे आणि कायद्याच्या दृष्टीने कुठवर जावे, याविषयी बराच गोंधळ आढळतो. तो दूर व्हावा, एवढ्यासाठी ही माहिती.

पन्नास स्वरांपासून अख्ख्या गाण्यापर्यंत

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीला संपर्क साधला होता. त्या काळातील मोबाइल केवळ किणकिणत. नोकिया कंपनीची जी धून पुढे साऱ्या जगाच्या कानात बसली, ती स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेतला इवलासा तुकडा होय. १९९४ मध्ये ती मोबाइलमध्ये आली. १९९८ च्या सुमारास फिनलंडमधील वेसा-मत्ती पानानेन या तरुणाने ‘हार्मोनियम’ नावाची संगणक प्रणाली तयार केली. तिच्यामुळे मोबाइलची धून स्वतः रचून ती लघुसंदेशाने दुसऱ्याला पाठविता येऊ लागली. आपल्या पेटीचे नाव फिनलंडमध्ये असे अवतरावे, याची गंमत वाटते.

२००० मध्ये आलेल्या नोकिया ३३१० या मोबाइलमध्ये तर धून रचण्याची सोय आतच होती. आकड्यांची बटणे दाबून पन्नासेक स्वर भरता येत. महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर या स्वरांच्या चिठ्ठ्या परीक्षेच्या कॉप्यांसारख्या फिरत. पुढे अनेक वाद्यांचा एकत्र आवाज देणाऱ्या ‘पॉलिफोनिक’ धुना आल्या, वृत्तपत्रांत रिंगटोनच्या सांकेतिक क्रमांकांच्या चौकटी झळकू लागल्या आणि अखेर मूळ गाणेच वाजविणारे मोबाइल आले. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने नोव्हेंबर २००४ मध्ये रिंगटोनची स्वतंत्र क्रमवारी सुरू केली. २००५ मध्ये ‘क्रेझी फ्रॉग’ हा रिंगटोनमधून जन्मलेला बेडूक ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत अव्वल ठरला. २००७ मध्ये अॅपलने आयफोनसाठी रिंगटोन विकायला काढल्या, तेव्हा ९९ सेंट देऊन विकत घेतलेल्याच गाण्याचा तुकडा घंटा म्हणून वाजविण्यासाठी ग्राहकाला आणखी ९९ सेंट मोजावे लागत. एकाच गाण्याचे दोनदा पैसे का द्यायचे, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर आज ग्राहकाच्याच हाती आहे.

रिंगटोन निराळी, कॉलर ट्यून निराळी

या दोहोंत आजही गल्लत होते. आपल्या मोबाइलवर आपल्याला ऐकू येते ती रिंगटोन. ती आपल्या यंत्रात साठविलेली असते. आपल्याला फोन करणाऱ्याला त्याच्या कानाशी ऐकू येते ती कॉलर ट्यून. ती मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतून वाजते, तिच्यावर आपला ताबा नसतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत प्रत्येक फोनआधी ऐकू येणारा खोकला आणि सूचना ही याच यंत्रणेची देणगी. कॉलर ट्यूनचे पैसे नकळत कापले गेल्याच्या तक्रारी पूर्वी सर्रास होत्या. अशा सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेण्याचे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१३ मध्ये कंपन्यांना घातले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र केवळ रिंगटोन हाच आहे.

‘मालकीचे’ कशाला म्हणावे?

विकत घेतलेली सीडी, कॅसेट, ध्वनिमुद्रिका, किंवा पैसे देऊन उतरवून घेतलेली खुली फाइल म्हणजे आपल्या मालकीचे गाणे, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल. भारतात अॅपलचे आयट्यून्स दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. तेथून विकत घेतलेल्या गाण्यांना कुलूप नसते, त्यामुळे ती कापता येतात. वर्गणीच्या अॅपमध्ये ‘डाऊनलोड’ केलेले गाणे मात्र आपले नव्हे. ते मोबाइलमध्ये असले तरी कुलूपबंद असते आणि वर्गणी संपली की मुके होते. असे गाणे रिंगटोनच्या यादीत दिसत नाही, म्हणून अनेकजण मोबाइलला दोष देतात. दोष मोबाइलचा नसतो. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५ अ अन्वये गुन्हा असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

याउलट, स्वतः विकत घेतलेल्या गाण्याचा तुकडा स्वतःच्या मोबाइलवर लावणाऱ्याने घाबरण्याचे कारण दिसत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ खासगी अथवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या उचित वापराला मुभा देते. मात्र तोच तुकडा इतरांना विकणे, संकेतस्थळावर ठेवणे किंवा दुकानात गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये भरून देणे हे वैयक्तिक वापरात बसत नाही. ‘मग बसमध्ये माझा मोबाइल चारचौघांत वाजला तर तो जाहीर कार्यक्रम होतो काय?’ असा खोचक प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेत तो खरोखरच न्यायालयात गेला होता. संगीतकारांच्या एका संघटनेचा तसा दावा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये फेटाळून लावला.

काही गाण्यांवर कोणाचीच मालकी उरलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा असून, तो कवी व संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. नाशिककरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापिला. त्यांचे पुत्र पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म १९२१ सालचा आणि नाशिकचाच. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासह त्यांचा आवाज साऱ्या देशाने ऐकला. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या हयातीत, समजा १९५५ मध्ये, निघालेल्या तबकडीचा हक्क १ जानेवारी १९५६ पासून मोजला तर २०१५ अखेर संपला. त्यात तुलसीदासांसारख्या संतकवीचे भजन आणि जुनी बंदिश असेल तर शब्दांचा व सुरांचाही प्रश्न राहत नाही. आजोबांच्या पेटीतल्या अशा तबकड्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी त्या रद्दीत देण्यापूर्वी दहादा विचार करावा.

तीस सेकंदांचे गणित

आता मुख्य मुद्दा. रिंगटोन किती लांब हवी? याचे उत्तर आवडीनिवडीवर नाही, नियमावर अवलंबून आहे. उत्तर न मिळणारा फोन किती वेळ वाजू द्यावा, यावरून २०१९ मध्ये मोबाइल कंपन्यांत मोठे भांडण जुंपले होते. अखेर ‘ट्राय’ने त्या वर्षी १ नोव्हेंबरला मोबाइलसाठी ३० सेकंद आणि घरगुती दूरध्वनीसाठी ६० सेकंद असा काळ ठरवून दिला. अर्थात तीस सेकंदांहून मोठा तुकडा कापला तरी त्याची शेपटी कधीच ऐकू येणार नाही. शिवाय आपण फोन उचलतो तो बहुधा पहिल्या काही सेकंदांतच. म्हणजे जे ऐकायचे ते सुरुवातीलाच हवे. नाट्यगीताचा आलाप किंवा अभंगाआधीचा पखवाज कितीही रंगतदार असला तरी घंटेच्या कामाचा नाही; गायक तोंड उघडण्यापूर्वीच फोन उचलला जातो. थेट मुखड्यापासून कापावे, हे उत्तम.

कुठे संपवावे, याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अँड्रॉइड मोबाइलवर तुकडा संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मधेच कुठेतरी कापले असेल तर ठेका अडखळतो आणि संगीताचा कान असलेल्याला दरवेळी ठेच लागल्यासारखे होते. यावर उपाय म्हणजे पहिली कात्री समेवर लावायची आणि दुसरी बरोबर पुढच्या कुठल्या तरी समेच्या आधी. हिशेब सोपा आहे. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीतील तीनतालाचे १६ मात्रांचे एक आवर्तन ६ सेकंदांत पुरे होते; पाच आवर्तने म्हणजे नेमके तीस सेकंद. मिनिटाला १२० मात्रांच्या भजनी ठेक्याचे आठ मात्रांचे आवर्तन चार सेकंदांचे; सात आवर्तने घेतली की २८ सेकंदांत काम भागते. असा कापलेला तुकडा कितीदाही वाजला तरी सांधा कळत नाही. यात शेवटी आवाज हळूहळू विरत नेण्याची गरज नाही. तसे केल्यास उलट सांधा उघडा पडतो. तालाचा हिशेब जमणार नसेल, तरच शेवटच्या एक-दोन सेकंदांत आवाज विरू द्यावा.

आणखी एक गोष्ट अनुभवाची. नाशिक ढोल ही या शहराची ओळख. गणेशोत्सवात त्याचा घुमारा छातीत जाणवतो. म्हणून हौशी तरुण त्याची रिंगटोन करतात आणि मग ‘आवाजच येत नाही’ म्हणून निराश होतात. मोबाइलचा ध्वनिक्षेपक नखाएवढा असतो. शंभर हर्ट्झच्या आसपासचा ढोलाचा खर्ज निर्माण करण्यास लागणारी हवा तो हलवूच शकत नाही. त्यातून ढोल गळून पडतो आणि ताशाची तडतड तेवढी उरते. तबल्यातही डग्गा हरवतो, चाट टिकते. मनुष्याचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातील आवाज सर्वाधिक तीव्रतेने टिपतो. सनई, बासरी, पेटी, मंजिऱ्या, स्त्रीस्वर हे मोबाइलवर खुलतात ते यामुळेच. मात्र घरातील ज्येष्ठांच्या मोबाइलसाठी याच्या थोडे उलट धोरण ठेवावे. वय वाढते तसे आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. आजोबांना मंजिरीची किणकिण ऐकू जाणार नाही. पेटीचा किंवा भरदार गळ्याचा मधल्या सप्तकातील सूर जाईल. ‘बाबा फोनच उचलत नाहीत’ या तक्रारीचे मूळ कधी कधी एवढ्यातच असते.

संगणकावर कापणे

यासाठी ‘ऑडॅसिटी’ ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी ती सुरू केली आणि २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ती तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. गाण्याची फाइल त्यात उघडली की आवाजाचा आलेख पडद्यावर दिसतो. हवा तो भाग माउसने निवडावा, तीन-चारदा ऐकावा, कडा पुढेमागे सरकवाव्यात आणि उरलेला भाग ‘ट्रिम’ आज्ञेने काढून टाकावा. कात्री आलेखाच्या उंच टोकावर पडली तर ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून आलेख मधल्या शून्यरेषेला छेदतो तेथे कापावे किंवा सुरुवातीच्या क्षणार्धात ‘फेड इन’ द्यावे. मग ‘नॉर्मलाइज’ आज्ञेने आवाज उणे एक डेसिबलपर्यंत चढवावा. त्याहून वर नेल्यास तो फाटतो. जुन्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला असतात. एकच ध्वनिक्षेपक असलेल्या मोबाइलसाठी दोन्ही बाजू एकत्र करून ‘मोनो’ करणे बरे.

शेवटी ‘एक्स्पोर्ट’ करून एमपी-३ स्वरूपात साठवावे. सीडीच्या दर्जाचा तीस सेकंदांचा तुकडा पाच मेगाबाइटांहून थोडा अधिक होतो. १२८ किलोबिटच्या एमपी-३ मध्ये तोच ४८० किलोबाइटांत मावतो. मोबाइलच्या ध्वनिक्षेपकावर दोहोंतला फरक ओळखून दाखविणारा विरळा!

मोबाइलमध्ये लावणे

अँड्रॉइड मोबाइल संगणकाला तारेने जोडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे आणि तुकडा मोबाइलच्या अंतर्गत साठ्यातील ‘रिंगटोन्स’ या फोल्डरमध्ये ठेवावा. फोल्डर नसेल तर तयार करावे. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘साउंड अँड व्हायब्रेशन’मध्ये जाऊन ‘फोन रिंगटोन’ उघडली की तुकड्याचे नाव यादीत दिसते. काही मोबाइलांत ‘माय साउंड्स’ अशा कप्प्यात किंवा अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून फाइल निवडावी लागते. प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी असते, मार्ग हाच. फाइल काढता-घालता येणाऱ्या मेमरी कार्डावर ठेवू नये. कार्ड काढले की मोबाइल मुकाट्याने मूळच्या घंटेवर परततो. व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या फोनची घंटा त्या अॅपच्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे बदलावी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आयफोनधारकांना आजवर बरीच उठाठेव करावी लागे. ‘गॅरेजबँड’ या मोफत अॅपमध्ये गाणे आणून, तीस सेकंदांचे करून, ‘शेअर’मधून ‘रिंगटोन’ म्हणून धाडणे हा त्यातला प्रचलित मार्ग, आणि तो आजही चालतो. संगणकावर गाण्याची एएसी प्रत काढून तिच्या नावामागील ‘एम-४-ए’ हे शेपूट ‘एम-४-आर’ असे बदलायचे आणि ती आयफोनमध्ये ओढायची, हा दुसरा. २०२५ मध्ये आलेल्या आयओएस २६ ने मात्र ही कसरत संपविली. ‘फाइल्स’ अॅपमधील तीस सेकंदांच्या आतील एमपी-३ किंवा एम-४-ए तुकडा निवडून ‘शेअर’मध्ये गेले, की तो रिंगटोन म्हणून वापरण्याचा पर्याय थेट मिळतो. अँड्रॉइडवाल्यांना वर्षानुवर्षे सहज मिळत आलेली सोय आयफोनवर यायला अठरा वर्षे लागली.

तुकडा मोबाइलवरच कापून देणारी असंख्य अॅप्स उपलब्ध आहेत. त्यांतली काही चांगलीही आहेत; पण संमती देताना डोळे उघडे ठेवावेत. रिंगटोन लावण्यासाठी अॅपला साठा वाचण्याची आणि सेटिंग बदलण्याची परवानगी लागते. एखाद्या व्यक्तीला विशिष्ट रिंगटोन लावायची तर संपर्क-यादीचीही. लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागण्याचे कोणतेही कारण अशा अॅपला नसते. बँकेचा एकवेळचा परवलीचा आकडा लघुसंदेशानेच येतो, हे लक्षात घेऊन तसे अॅप तत्काळ काढून टाकावे.

कॅसेटमधला आवाज

सीडीवरून गाणे घेणे सोपे आहे, कॅसेटवरून घेणे थोडे चिकाटीचे. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकाच्या ‘लाइन इन’ किंवा माइकच्या छिद्रापर्यंत एक वायर लागते. नव्या लॅपटॉपला असे छिद्र नसेल तर यूएसबीवर चालणारी छोटी जोडणी बाजारात मिळते. कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. सैल पडलेली फीत पेन्सिलीने आवळण्याची विद्या चाळिशीपुढच्या वाचकांना सांगायला नको. ध्वनिमुद्रण करताना पातळी दर्शविणारी पट्टी लाल रंगाला शिवता कामा नये. फितीची खरखर कमी करण्यासाठी ऑडॅसिटीत गाण्याआधीचा एक-दोन सेकंदांचा रिकामा भाग निवडून ‘नॉइज प्रोफाइल’ घ्यावे आणि मग ती खरखर संपूर्ण तुकड्यातून वजा करावी. मोह आवरावा, हे महत्त्वाचे. जास्त पुसले तर गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटू लागते. थोडी खरखर राहिली तर राहू द्यावी.

या प्रतिनिधीच्या घरी अशीच एक साठ मिनिटांची कॅसेट होती. १९९४ च्या दिवाळीत निफाड तालुक्यातील घरी वडिलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या तीवर टिपल्या होत्या. आजी २००१ मध्ये गेली. कॅसेट पुढे कपाटात राहिली आणि एक बाजू तर चिकटून कायमचीच गेली. उरलेल्या बाजूवरून बावीस सेकंदांची एक ओवी वेगळी काढली आणि आत्याच्या फोनसाठी घंटा म्हणून लावली. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. सवयीने फोन लगेच उचलला गेला आणि आवाज तुटला. ‘ती ओवी तरी पुरी होऊ दे रे,’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून आत्याचा फोन बाविसाव्या सेकंदानंतरच उचलला जातो. ‘तुझा फोन नेहमी उशिरा लागतो,’ अशी आत्याची तक्रार आहे. कारण तिला अद्याप सांगितलेले नाही.

ज्यांच्या घरी अशा फिती आहेत, त्यांच्यापुढे हक्काचा प्रश्न सहसा येत नाही. ओव्या परंपरेच्या आणि ध्वनिमुद्रण घरचे. प्रश्न काळाचा आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने ऐकायला मिळू लागल्या. दळणाची गिरणी आली तसे जाते थांबले, त्यामुळे जे टिपले गेले तेवढेच उरले. घरातील कॅसेट मात्र कोणतीही संस्था येऊन वाचविणार नाही.

एकेका माणसाची एकेक घंटा

सर्वांसाठी एकच गाणे लावण्यापेक्षा निवडक माणसांना वेगळी घंटा देणे अधिक उपयोगाचे ठरते. अँड्रॉइडवर संपर्क-यादीतील नाव उघडून तीन टिंबांच्या यादीत ‘सेट रिंगटोन’ निवडावे. आयफोनवर नावाच्या ‘एडिट’मध्ये ‘रिंगटोन’ हा पर्याय असतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला दरवेळी हातमोजे काढून मोबाइल बघणे शक्य नसते. घरी आजारी माणूस असेल तर कोणता फोन घरचा, हे खिशातूनच कळणे किती मोलाचे, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. अशा फोनसाठी गोड गाणे नको. इतर कशाशीही न जुळणारा, पहिल्याच क्षणी ओळखू येणारा आवाज हवा. मिक्सर किंवा यंत्राच्या घरघरीतही तो ऐकू येतो का, हे घरच्यांना एकदा फोन करायला सांगून तपासून पाहावे. दिवसातून दहादा वाजणाऱ्या घंटेला सर्वांत आवडते गाणे लावू नये, असा एक अनुभवी सल्लाही येथे नोंदवितो. महिन्याभरात त्या गाण्याचे पहिले दोन सूर ऐकले की कपाळावर आठी उमटू लागते.

आणि नाट्यगृहात कोणतेच गाणे नको. २०१९ मध्ये अभिनेते सुमीत राघवन यांना ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा नाशिकमधील प्रयोग प्रेक्षागृहात वाजणाऱ्या मोबाइलमुळे मधेच थांबवावा लागला होता. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी तर हे असेच चालणार असेल तर नाटकात काम न केलेलेच बरे, अशा शब्दांत उद्वेग व्यक्त केला. कालिदास कलामंदिरात जाताना मोबाइल बंद करण्याची सूचना तिसऱ्या घंटेपूर्वी होतेच. ती आपल्यासाठीच असते.

तयार केलेले तुकडे मोबाइलखेरीज संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावेत. नवा मोबाइल घेतल्यावर संपर्क-यादी आणि छायाचित्रे येतात. स्वतः लावलेली घंटा येतेच असे नाही. कॅसेटवरून गाणे उतरवून झाले तरी कॅसेट टाकू नये. ती एका बाजूला पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवावी. दूरचित्रवाणी संच आणि मोठे ध्वनिक्षेपक यांच्या शेजारचे कपाट मात्र टाळावे. ध्वनिक्षेपकातील लोहचुंबक फितीवरचा आवाज पुसट करतो.